२० पैकी ७: मुंग्यांची ओळख तपासायची कशी?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण कोथरूडला राहता, तीन वर्षांपासून वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर मुंग्यांची छायाचित्रे काढता आणि आपल्या यादीत आता ६४ जाती झाल्या आहेत. मित्रांनी तयार केलेल्या छायाचित्रांच्या प्रश्नमंजुषेत आपल्याला २० पैकी १८ गुण मिळाले. परंतु गेल्या महिन्यात एका शिबिरात अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या मुंग्यांच्या २० कुप्या समोर आल्या, तेव्हा सातच नावे बरोबर निघाली. या दोहोंपैकी खरा आकडा कोणता, ज्ञान तपासावे कसे, वाढवावे कसे आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक विकत घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी गेली अठरा वर्षे पुण्यात हौशी मंडळींबरोबर हेच काम करत आले आहे आणि असे दोन आकडे घेऊन येणारे आपण पहिले नाही. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम एक शब्द नक्की करू, कारण आपल्याकडे वर्तमानपत्रांनी त्याचा फार घोळ केला आहे. या उत्तरात ‘प्रजाती’ म्हणजे नावातला पहिला शब्द, उदाहरणार्थ कॅम्पोनोटस. आणि ‘जात’ म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस असे पूर्ण जोडनाव. हा भेद पुढे वारंवार लागणार आहे.

आता आपले दोन आकडे. प्रश्नमंजुषेत प्रत्येक चित्राखाली चार पर्याय होते, असे आपण लिहिले आहे. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी २० पैकी सरासरी ५ उत्तरे बरोबर आली असती. शिवाय चार पर्यायांत एक काटेरी पॉलीरॅकिस, एक पिवळी, एक तांबडी आणि एक काळी मुंगी ठेवली असेल, तर मुंगी न ओळखताही उत्तर मिळते. त्यातली निम्मी छायाचित्रे आपलीच होती. म्हणजे आपल्याला तो दगड, ते पान आणि ती सकाळ आठवत होती. तेव्हा १८ हा आकडा काही अंशी आपल्या स्मरणशक्तीचा आहे. मात्र ७ हा आकडाही मी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. कुपीतल्या मुंगीची चाल गेलेली असते, रंग उतरलेला असतो आणि ती झाडावर होती की दगडाखाली हे कुपी सांगत नाही. पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस ही लांब मिशांची करडी-काळी मुंगी फरशीवर वेड्यासारखी नागमोडी धावताना कोणीही दहा फुटांवरून ओळखेल. क्रिमॅटोगॅस्टर डिवचल्यावर पोट उचलून पाठीवर आणते, तेव्हा भिंगाची गरजच पडत नाही. कुप्यांच्या परीक्षेने आपली ही सगळी कमाई काढून घेतली. ती कमाई खोटी नाही, ती फक्त त्या दिवशी मोजली गेली नाही.

म्हणून खरा प्रश्न गुणांचा नसून असा आहे की, आपण एखादे नाव घेता तेव्हा ते कशाच्या आधारावर घेता, हे आपल्याला स्वतःला सांगता येते का. शिबिरातली उत्तरपत्रिका जवळ असेल तर ती काढा आणि चुकलेल्या १३ उत्तरांचे तीन ढीग करा: प्रजाती बरोबर पण जात चुकली, प्रजाती चुकली पण उपकुल (म्हणजे जवळच्या प्रजातींचा मोठा गट) बरोबर, उपकुलच चुकले. माझा अनुभव असा की, तीनेक वर्षे निरीक्षण करणाऱ्या माणसाचा पहिला ढीग मोठा असतो. तसे असेल तर काळजीचे कारण फारसे नाही, आपण फक्त गरजेपेक्षा एक पाऊल पुढे जाऊन बोलत आहात. तिसऱ्या ढिगात मात्र दोनापेक्षा जास्त उत्तरे असतील, तर नवी छायाचित्रे काढणे काही महिने थांबवावे आणि शरीररचनेपासून पुन्हा सुरुवात करावी, असे मी स्पष्टपणे सांगेन.

हौशी मंडळींच्या ज्ञानाला सर्वांत जास्त फसवते ती आपल्या परिसरातली बहुसंख्या. पुण्यात झाडाच्या बुंध्यावर किंवा मावा पडलेल्या फांदीवर दिसलेल्या प्रत्येक मोठ्या काळ्या मुंगीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डोंगळ्याला, ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ म्हटले, तर बहुतेक वेळा आपण बरोबर ठराल, आणि तेही मुंगीकडे न बघता. वर्षभर असे बरोबर ठरत गेल्यावर माणसाला वाटू लागते की आपण ती ओळखतो. मग एखाद्या दिवशी डायाकामा समोर येते. तीही मोठी, तीही काळी. परंतु तिच्या अंगावर बोटाच्या ठशासारख्या बारीक समांतर रेघा असतात, कंबरेची गाठ (छाती आणि पोट यांच्यामधला उंचवटा) जाडजूड असून तिच्या मागच्या कडेला दोन काटे असतात आणि तिला नांगी असते. कॅम्पोनोटसची पाठ बाजूने पाहिली असता एकसंध कमानीसारखी दिसते, कंबरेची गाठ चपट्या खवल्यासारखी असते आणि नांगी नसते. लेप्टोजेनिस चकचकीत आणि सडपातळ असते, तिच्या तोंडावरच्या पट्टीचा मधला भाग टोकदार होऊन पुढे आलेला असतो आणि नख्यांना फणीसारखे दात असतात. बोथ्रोपोनेरा बोजड आणि खरखरीत असते. पॉलीरॅकिसच्या छातीवर किंवा कंबरेच्या गाठीवर काटे असतात. ‘डोंगळा’ या एका शब्दाखाली घरोघरी या साऱ्या जणी नांदतात. तेव्हा ‘मोठी काळी’ या वर्णनावर मिळालेला बरोबर गुण हा आपला नसून त्या परिसराचा असतो.

परिसराची माहिती वापरूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. कोथरूडच्या सोसायटीत काय असण्याची शक्यता जास्त आहे हे ठाऊक असणे हेही ज्ञानच आहे. फक्त ते वापरले असेल तर नोंदीत तसे लिहावे: ‘परिसरावरून अंदाज, लक्षण पाहिलेले नाही.’

आता मी चाचणी कशी तयार करते ते सांगते. ही चाचणी आपल्याला एकट्याने तयार करता येणार नाही. एक जोडीदार लागेल आणि त्याला मुंग्यांतले काही कळत नसले तर अधिक चांगले. आपण वर्षभरात जमवलेल्या, आणि ज्यांची नावे जाणकाराने सूक्ष्मदर्शकाखाली निश्चित केली आहेत अशा कुप्यांवरच्या चिठ्ठ्या जोडीदाराने झाकाव्यात आणि त्यांना केवळ क्रमांक द्यावेत. त्यात त्याने तीन खोड्या करायच्या. एक, एकाच बिळातल्या मुंग्या दोन वेगळ्या क्रमांकांच्या कुप्यांत ठेवायच्या. आपण त्या दोन कुप्यांना दोन नावे दिलीत, तर आपले निकष रोज बदलतात हे तिथेच उघडे पडते. दोन, टेकडीवर सहज भेटणाऱ्या मुंग्यांबरोबर त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या पण क्वचित भेटणाऱ्या मुंग्या मुद्दाम घालायच्या, म्हणजे बहुसंख्येचा आधार सुटतो. तीन, एखादी मुंगी नसलेली गोष्ट घालायची. पावसाळ्यानंतर काढलेल्या माझ्या संचात नेहमी एक पंखवाली वाळवी असते. तिचे दोन्ही जोडीचे पंख सारखे आणि अंगापेक्षा लांब असतात, शृंगिका, म्हणजे मिशा, सरळ मण्यांच्या माळेसारख्या असतात आणि कंबर जाड असते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या आणि कंबर बारीक असते. हे सर्वांना पाठ असते, आणि तरीही घाईत तिला मुंगीचे नाव देणारा एक तरी निघतोच. झाडावर पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या हुमल्याची हुबेहूब नक्कल करणारा उड्या मारणारा कोळी, मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस, हा तर मी स्वतः एकदा हौसेने ‘हुमला’ म्हणून टिपला होता. त्याला आठ पाय असतात आणि मिशा नसतात. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे हवेत धरतो. मी पाय मोजले नव्हते.

उत्तरपत्रिकेत प्रत्येक क्रमांकापुढे चार रकाने ठेवावेत: उपकुल, प्रजाती, जात आणि शेवटचा रकाना ‘कोणते लक्षण दिसले असते तर मी हे नाव मागे घेतले असते’. हा शेवटचा रकाना भरताना बहुतेकांचे पेन थांबते. समजा आपण एका बारीक तांबूस मुंगीला सोलेनॉप्सिस म्हटले. मग तिच्या शृंगिकेला १० ऐवजी १२ पेरे निघाली असती तर नाव मागे घेतले असते, असे लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल, तर नाव बरोबर असले तरी ते चेहऱ्यावरून ओळखलेले नाव आहे.

गुण देण्याची माझी पद्धत थोडी कडक आहे. कारणासह जात बरोबर असेल तर ३ गुण; प्रजाती बरोबर सांगून तिथेच थांबल्यास २; ‘ठरवता येत नाही’ असे लिहून कोणते लक्षण दिसले नाही हेही सांगितल्यास १; आणि आत्मविश्वासाने चुकीचे नाव दिल्यास उणे २. आपले शिबिरातले उत्तर या पद्धतीने तपासू. सात बरोबर, त्यांची कारणेही बरोबर होती असे धरले तर २१. तेरा चूक म्हणजे उणे २६. एकूण उणे ५. आता त्या तेरांपैकी आठ ठिकाणी आपण प्रजाती बरोबर ओळखून तिथेच थांबला असता, असे समजा. तेव्हा २१ अधिक १६ उणे १०, म्हणजे २७ गुण झाले असते. आपले ज्ञान तेवढेच राहून केवळ थांबण्याची जागा बदलली तर एवढा फरक पडतो. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती-उपजाती १०० प्रजातींमध्ये नोंदलेल्या आहेत. एकट्या कॅम्पोनोटस आणि फायडोल या प्रजातींच्या जगभरात प्रत्येकी हजाराच्या घरात जाती आहेत. फायडोलच्या एका छायाचित्रावरून जातीचे नाव सांगणारा माणूस मला भेटला की मी त्याच्या बाकीच्या नावांकडेही जरा सावधपणे बघते.

फायडोलचा विषय निघालाच आहे तर माझी एक जुनी चूक सांगते, कारण आपल्या यादीतही ती असण्याची बरीच शक्यता आहे. सुरुवातीच्या काळात सिंहगडाच्या पायथ्याशी एका दगडाखालून मी चार दिवसांच्या अंतराने दोनदा मुंग्या गोळा केल्या. पहिल्या कुपीत मोठ्या डोक्याच्या दोन सैनिक मुंग्या आल्या, म्हणून तिच्यावर ‘फायडोल’ लिहिले. दुसऱ्या कुपीत फक्त बारीक कामकरी आल्या आणि मी तिच्यावर ‘मोनोमोरियम’ लिहून मोकळी झाले. दोन वर्षे त्या दोन्ही कुप्या एकाच खोक्यात शेजारी होत्या. दोन्हींच्या शृंगिकांना १२ पेरे असतात आणि शेवटची तीन पेरे जाड असतात, हे खरे. परंतु फायडोलच्या बारीक कामकरी मुंगीच्या छातीचा पुढचा भाग घुमटासारखा उचललेला असतो आणि मागच्या टोकाला बहुधा दोन छोटे काटे असतात, तर मोनोमोरियमची तीच बाजू गुळगुळीत आणि बिनकाट्याची असते. मी एवढे पाहिले असते तर पुरेसे होते.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे स्वयंपाकघरात ठीक आहे. मुंग्यांच्या बाबतीत एका शितावरून भात ओळखू नये. एका बिळातून शक्यतो दहा-बारा मुंग्या घ्याव्यात आणि त्यांत लहान, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या आकारांच्या असाव्यात. कॅम्पोनोटस कॉम्प्रेससच्याच एका वसाहतीत लहान डोक्याच्या सडपातळ आणि रुंद डोक्याच्या थोराड कामकरी मुंग्या असतात, आणि नवखा माणूस त्यांना दोन जाती समजतो. सह्याद्रीच्या दमट बाजूला भेटणाऱ्या कॅरेबारा डायव्हर्सा या मुंगीत तर सर्वांत मोठ्या कामकरीचे वजन सर्वांत लहान कामकरीच्या सुमारे ५०० पट भरते. अशा एका वसाहतीच्या तीन वेगळ्या छायाचित्रांना मी तीन प्रजातींची नावे दिलेली पाहिली आहेत.

ज्ञान वाढवण्याच्या दृष्टीने ज्या जोड्या एकमेकींशी गल्लत करतात, त्या जोड्यांनी शिकणे मला सर्वांत फलदायी वाटते. नवनव्या जाती यादीत घालण्यापेक्षा अशा एका जोडीवर दोन आठवडे घालवावेत. पुण्यात पहिली जोडी तांबड्या चावऱ्या मुंगीची घ्या. सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही मूळची अमेरिकेतली, पण आता आपल्या बागांतून पक्की रुजलेली मुंगी. तिच्या वसाहतीतही मोठ्या चौकोनी डोक्याच्या कामकरी असतात, त्यामुळे ती फायडोलसारखी भासते. शृंगिकेची पेरे मोजली की वाद संपतो: सोलेनॉप्सिसला १०, त्यांतली शेवटची दोन जाड, फायडोलला १२, त्यांतली शेवटची तीन जाड. दुसरी जोडी स्वयंपाकघरातली. ओट्यावर साखरेच्या डब्याभोवती फिरणाऱ्या दीड मिलिमीटरच्या मुंग्यांपैकी जिचे डोके गडद आणि पोट व पाय फिकट दुधी असतात ती टॅपिनोमा मेलॅनोसेफालम. तिच्या कंबरेची गाठ पोटाखाली झाकलेली असते, आणि ती चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. तिच्याच शेजारी दिसणारी पिवळसर फॅरो मुंगी म्हणजे मोनोमोरियम फॅरोनिस. तिच्या कंबरेला स्पष्ट दोन गाठी असतात. एक गाठ की दोन, हा प्रश्न मी प्रत्येक मुंगीला सर्वांत आधी विचारते, कारण त्या एका उत्तराने बऱ्याच शक्यता बाद होतात. एकच गाठ निघाली तर दुसरा प्रश्न पोटाच्या टोकाचा: केसांचे गोल कडे असलेले छिद्र असेल तर ती फॉर्मिसिनी उपकुलातली, म्हणजे कॅम्पोनोटस, पॉलीरॅकिस, हुमला आणि पॅराट्रेकिना यांच्या घरातली, आडवी फट असेल तर टॅपिनोमाच्या घरातली, आणि नांगी असेल तर बहुधा डायाकामा, लेप्टोजेनिस यांच्या घरातली.

येथे सूक्ष्मदर्शकाचा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर आपल्या यादीत कोणत्या मुंग्या आहेत यावर अवलंबून आहे. पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या मुंग्यांची प्रजाती ठरवायला दहा पट मोठे दाखवणारे भिंग, म्हणजे घड्याळजी किंवा सराफ डोळ्याला लावतात तसले, बहुतेक वेळा पुरते, आणि ते वापरण्याची सवय लागायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. दीड-दोन मिलिमीटरच्या मुंगीची पेरे मात्र त्याने मोजता येत नाहीत; तिथे ४० पटींपर्यंत जाणारा दोन डोळ्यांचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक हवा. माझा सल्ला असा की, आधी भिंग घ्यावे आणि ओळखीच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात महिन्यातून एक दुपार बसण्याची परवानगी मागावी. सहा महिने ती दुपार चुकली नाही, तर मग विकत घेण्याचा विचार करावा. उलट क्रमाने गेलेल्या कित्येकांचे सूक्ष्मदर्शक माळ्यावर गेलेले मी पाहिले आहेत.

नमुने गोळा करण्याविषयी थोडक्यात. वेताळ टेकडीचा काही भाग वनखात्याकडे आहे, आणि वनक्षेत्रात परवानगीशिवाय गोळा करू नये; सोसायटीचे आवार, मित्राची बाग किंवा गावाकडचे शेत यांतूनच वर्षभर पुरेल एवढे काम मिळते. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या छोट्या कुप्या आणि औषधांच्या दुकानातले ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे आहे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाकावी, कारण शाई विरघळते. तिच्यावर ठिकाण, तारीख, अधिवास आणि कुठल्या बिळातून घेतले हे लिहावे. गुळाचे पाणी आणि शेंगदाण्याचे कूट कागदाच्या तुकड्यांवर ठेवून अर्ध्या तासाने पाहिले तर फायडोल, सोलेनॉप्सिस, पॅराट्रेकिना भराभर येतात. पण शिकारी स्वभावाच्या मुंग्या अशा आमिषाला फारशा येत नाहीत. त्यांच्यासाठी ओला पालापाचोळा रव्याच्या चाळणीतून पांढऱ्या ताटात चाळावा. केवळ आमिषाने केलेल्या यादीला परिसराची यादी म्हणू नये.

जिवंत मुंगीचे छायाचित्र घेणे सोडू नका, पण त्याचबरोबर त्याच बिळातल्या कुपीतल्या मुंगीची तीन छायाचित्रे घ्या: डोके समोरून, पूर्ण अंग बाजूने आणि पूर्ण अंग वरून, तीही आलेखाच्या कागदावर, म्हणजे मिलिमीटर आपोआप मिळतात. या तीन कोनांचा संच आणि चालत्या मुंगीचे छायाचित्र एकत्र ठेवले की, आपण विचारलेली १८ आणि ७ यांच्यातली दरी हळूहळू बुजायला लागते, कारण टेकडीवर दिसलेली चाल आणि भिंगाखाली दिसलेले लक्षण एकाच नोंदीत येते.

आपण मध्येच एक तक्रार केली आहे की, नावे सारखी बदलतात, मग पाठ करून उपयोग काय. तक्रार रास्त आहे. बिंगहॅम यांचा ब्रिटिश भारतातील मुंग्यांवरचा १९०३ चा ग्रंथ आजही आपल्याला उघडावा लागतो, आणि त्यात पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस ही प्रेनोलेपिस या नावाखाली भेटते. फायडोलोजेटॉन ही प्रजाती २०१४ मध्ये कॅरेबारात विलीन झाली. २०१५ मध्ये मोनोमोरियममधून काही जाती काढून ट्रायकोमिर्मेक्समध्ये नेल्या गेल्या. परंतु याचा उपाय पुण्यातच सापडतो. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये पुण्याच्या मुंग्यांवर लिहिताना, गवताचे बी बिळात साठवणाऱ्या आणि पावसात भिजलेले बी बाहेर आणून वाळवणाऱ्या मुंगीचे वर्णन केले आणि तिला ‘अट्टा प्रोव्हिडेन्स’ असे नाव दिले. आज अट्टा हे नाव केवळ अमेरिकेतल्या पानकापू मुंग्यांसाठी राहिले आहे आणि साइक्स यांची मुंगी फायडोल प्रोव्हिडेन्स म्हणून ओळखली जाते. नाव बदलले, पण त्यांनी काय पाहिले आणि कुठे पाहिले हे लिहून ठेवल्यामुळे ती नोंद वाया गेली नाही. आपल्या वहीत नावाच्या शेजारी पेरांची संख्या, गाठींची संख्या, काटे, मिलिमीटर आणि वर्तन लिहिलेले असेल, तर उद्या कोणी नाव बदलले तरी आपल्याला टेकडीवर परत जावे लागणार नाही.

इतरांकडून नाव तपासून घेण्याबाबत एक सावधगिरी. आपले छायाचित्र आपण दिलेल्या नावासह कोणाला दाखवले आणि त्याने मान डोलावली, तर ते दुसरे मत धरू नये. नाव न सांगता विचारावे आणि कारणही विचारावे. दोन जाणकार एकमेकांचे उत्तर न पाहता एकाच नावावर आले, तर त्याला वजन आहे. तरीही वाद राहिला, तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. तिथे आधी पत्राने विचारून, एकाच बिळातल्या सर्व आकारांच्या मुंग्या आणि पूर्ण चिठ्ठी घेऊन जावे. मोबाइलमधले धूसर छायाचित्र घेऊन कोणाचाही वेळ मागू नये.

राहता राहिली आपली ६४ जातींची यादी. ती फाडू नका, पण तिच्यात एक नवा रकाना घाला: लक्षण पाहिले, परिसरावरून अंदाज, की केवळ छायाचित्रावरून. हे प्रामाणिकपणे भरले तर जातीपर्यंत टिकणारी नावे वीस-पंचवीस उरतील, असा माझा अंदाज आहे, आणि बाकीची प्रजातीपर्यंत मागे येतील. सुरुवात ‘मोनोमोरियम’ लिहिलेल्या नोंदींपासून करा. ज्या छायाचित्रांच्या काठावर कुठेतरी मोठ्या डोक्याची एखादी मुंगी अर्धवट आली आहे, ती आधी उघडा. त्या वेळी आपण ती कापून टाकली नसेल, तर बहुधा तिथेच आपल्याला पहिली फायडोल सापडेल.